व्हीसीआरला लावलेल्या कन्व्हर्टरच्या रिमोटवरून चित्र कसे बसवावे?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९९४ साली अंबाजोगाईला आमच्या वाड्यापुढच्या मांडवात झाले. त्याच्या तीन व्हीएचएस कॅसेट आईने जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. आईने आता ऐंशी ओलांडली असून त्या लग्नात दिसणारी निम्मी माणसे, माझ्या वडिलांसह, आज हयात नाहीत. दिवाळीला ताई माहेरी येईल तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसून ते लग्न पुन्हा पाहावे, अशी आईची फार इच्छा आहे.

भावकीतल्या एका घरी चालू स्थितीतला व्हीसीआर मिळाला. आमच्या नव्या टीव्हीला पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिना लावायची सोयच नाही, म्हणून एव्हीचे एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर आणला. दुकानदाराने आधी उलट्या दिशेचा, म्हणजे एचडीएमआयचे एव्ही करणारा डबा दिला होता आणि तो बदलून आणण्यात एक आठवडा गेला. दोन्ही डबे दिसायला सारखेच असतात. 'इनपुट' हा शब्द कोणत्या बाजूला छापला आहे एवढ्यावरूनच फरक कळतो, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

या कन्व्हर्टरसोबत एक पातळ, छोटा रिमोट आला आहे. त्यावर सोर्स, रिझोल्यूशन, अ‍ॅस्पेक्ट, पाल-एनटीएससी, मेन्यू, फ्रीझ, रीसेट आणि चार बाणांची बटणे आहेत, आणि मेन्यूत ब्राइटनेस, काँट्रास्ट, कलर, टिंट, शार्पनेस व पोझिशन असे भाग येतात. माहितीपत्रकात बटणांची नुसती नावे दिली आहेत, ती कशासाठी आहेत याचा एक शब्दही नाही.

माझ्या अडचणी अशा आहेत. चित्रातील सगळी माणसे आडवी पसरलेली दिसतात. चित्राच्या अगदी तळाशी एक वेडीवाकडी थरथरणारी पट्टी सतत दिसते, जी आमच्या जुन्या टीव्हीवर कधीही दिसली नव्हती. वरातीचा भाग लावला की माणसे चालताना हिसके बसल्यासारखी पुढे सरकतात. मामांची काळी टोपी, त्यांचे केस आणि मागचा अंधार यांचा मिळून एकच काळा गोळा होतो. रंग फिके वाटले म्हणून मी कलर ८० पर्यंत नेला, तर ताईच्या कपाळावरचे कुंकू नाकापर्यंत पसरल्यासारखे दिसू लागले. त्यातच काल रिझोल्यूशनचे बटण दोन-तीनदा दाबले गेले आणि पडदा पूर्ण काळा झाला. शेवटी सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्यावर चित्र परत आले. कोणते बटण आधी आणि कोणते नंतर वापरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_कारागीर_परभणी

नमस्कार. परभणीत मी जवळपास तीस वर्षे टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्त केले. आपल्या एकेका अडचणीमागे वेगळे कारण आहे. आधी एवढे करा की रिमोटवरील रीसेट दाबून कन्व्हर्टर मूळ स्थितीत आणा. टीव्हीवर भडक रंगांचा 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' प्रकार चालू असेल तर तो काढून 'स्टँडर्ड' ठेवा आणि वीज वाचवण्यासाठी आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय बंद करा. टीव्ही आपल्या परीने चित्र बदलत असेल तर कन्व्हर्टरच्या रिमोटवर केलेली कोणतीही जुळवणी दुसऱ्या दिवशी तशी दिसणार नाही.

पहिले बटण पाल-एनटीएससीचे. आपल्याकडची कॅसेट, व्हीसीआर आणि त्या काळचे दूरदर्शन ही सगळी पाल पद्धतीची: एका चित्रात ६२५ रेषा, त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र, आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजेच ५० अर्धी चित्रे. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा असतात आणि अर्धी चित्रे सेकंदाला सुमारे ६० असतात. रंगाचा संकेत पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर आणि एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झवर असतो, त्यामुळे हे बटण चुकीच्या जागी राहिले तर चित्र वरखाली धावते किंवा रंग उडून कृष्णधवल दिसते. 'ऑटो' ठेवले तर फितीचा कमकुवत भाग आल्यावर कन्व्हर्टर गोंधळण्याची शक्यता असते, म्हणून 'पाल' पक्के करून ठेवा.

वरातीतल्या हिसक्यांचे मूळही या ५० आणि ६० च्या फरकातच आहे. आपला कन्व्हर्टर बहुधा ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे असलेले चित्रण बाहेर पाठवत असावा. सेकंदाला येणाऱ्या ५० चित्रांची ६० करायची म्हणजे दर पाचांतले एक चित्र दोनदा दाखवावे लागते, आणि सेकंदाला दहा वेळा होणारी ही पुनरावृत्ती चालणाऱ्या माणसांत डोळ्याला खुपते. रिझोल्यूशनच्या बटणाने ७२०पी ५० किंवा १०८०पी ५० (७२० किंवा १०८० रेषा, सेकंदाला ५० चित्रे) निवडा, चाल लगेच सरळ होईल. काही स्वस्त डब्यांत ५० हर्ट्झची सोयच नसते आणि तेथे या दोषावर रिमोटकडे उपाय नाही.

हे बटण दाबताना मात्र संयम ठेवावा लागतो. एकदा दाबा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा, कारण नवा प्रकार ओळखायला टीव्हीला काही सेकंद लागतात. काळा पडदा पाहून आपण घाईने पुन्हा दाबतो, कन्व्हर्टर तोवर पुढच्या प्रकारावर जातो आणि टीव्ही पुन्हा पहिल्यापासून ओळखू लागतो. काल आपल्याकडे बहुतेक हेच झाले असावे. पडद्याचा रंगही पाहावा. पडदा निळा असेल तर सहसा कन्व्हर्टर आणि टीव्ही यांचे जमलेले असते, पण व्हीसीआरकडून संकेत येत नसतो. टीव्ही स्वतःच 'सिग्नल नाही' असे लिहीत असेल, तर कन्व्हर्टर पाठवतो तो प्रकार टीव्हीला चालत नाही असे समजून, दहा-दहा सेकंद थांबत एकेकदा बटण दाबत जावे.

माणसे पसरट दिसण्याचे कारण असे की आपले चित्र ४:३ या मापाचे आहे आणि टीव्ही १६:९ चा आहे. पडदा पूर्ण भरायचा म्हटले की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. अ‍ॅस्पेक्टच्या बटणाने ४:३ निवडा. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर चित्र मधल्या १४४० बिंदूंत बसेल आणि दोन्ही कडांना २४० बिंदूंच्या काळ्या पट्ट्या राहतील. घरात कोणीतरी या पट्ट्यांबद्दल कुरकुर करतेच, तरी ताईचा चेहरा जसा होता तसा हवा असेल तर पट्ट्या राहू द्याव्यात. कन्व्हर्टरवर ४:३ निवडल्यावर टीव्हीचे स्वतःचे ताणणे किंवा झूम बंद आहे ना, हेही पाहा. दोन्ही ठिकाणी बदल केले की काहीच जुळत नाही.

तळाची थरथरणारी पट्टी हा आपल्या फितीचा बिघाड नाही. पाल व्हीसीआरमधील गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेडे आळीपाळीने फीत वाचतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम जाण्याचा क्षण प्रत्येक अर्ध्या चित्राच्या अखेरच्या काही रेषांत येतो. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड दडत असल्यामुळे ती जागा दिसत नसे. नवा टीव्ही शेवटच्या रेषेपर्यंत सगळे दाखवतो. पोझिशनमध्ये जाऊन चित्र थोडे खाली सरकवा, किंवा झूम असेल तर दोन-तीन टक्के वाढवा. त्याहून जास्त करू नका, कारण तेव्हाचे छायाचित्रकार उभ्या माणसांचे पाय चौकटीच्या अगदी काठाशी धरत.

आता ब्राइटनेस. नावावरून वाटते की या बटणाने सगळे चित्र उजळते, पण त्याचे खरे काम काळ्याची पातळी ठरवण्याचे आहे. पिवळ्या वायरीतून येणारा संकेत एकूण एक व्होल्टचा असतो. त्यातील ०.३ व्होल्ट चित्र जागेवर बांधून ठेवण्याच्या खुणांसाठी खर्च होतो आणि उरलेल्या ०.७ व्होल्टमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सगळे बसते. काळे नेमके कोठे सुरू होते हे ब्राइटनेस ठरवते आणि पांढरे कोठपर्यंत जाते हे काँट्रास्ट ठरवते. यासाठी चाचणीपट्टीची गरज नाही, ती आपल्या कॅसेटमध्येच आहे. मामांची काळी टोपी दिसते तो भाग लावा, खोलीतील उजेड रात्री पाहताना असेल तेवढा ठेवा आणि ब्राइटनेस एकेक घर वाढवत जा. टोपीची घडी आणि तिची कड केसांपासून वेगळी दिसू लागली की थांबा. मागचा अंधार राखाडी दिसू लागला तर एक घर मागे या. त्यानंतर पांढरे धोतर किंवा इस्त्रीची पांढरी टोपी असलेला माणूस शोधा आणि काँट्रास्ट एवढाच ठेवा की त्या कापडाच्या चुण्या दिसत राहतील. चुण्या पुसल्या गेल्या तर काँट्रास्ट जास्त झाला. काँट्रास्ट हलवल्यावर काळेही किंचित सरकते, म्हणून टोपी पुन्हा एकदा तपासावी लागते.

कलरचे बटण हे दोन्ही जमल्यावरच हाती घ्यावे, कारण काळे चुकलेले असताना रंग फिके वाटतात आणि आपण ते उगाच वाढवतो. कुंकू नाकापर्यंत पसरले त्याचे कारण फितीत आहे. व्हीएचएसमध्ये रंगाचा संकेत सुमारे ६२७ किलोहर्ट्झवर उतरवून नोंदवलेला असतो, त्यामुळे त्यात रंगाचा बारीक तपशील फारच थोडा असतो आणि तांबडा रंग मूळ जागेच्या बाहेर पसरतो. कलर ८० वर नेला की तो पसरलेला भागही तितकाच ठळक होतो. ५० च्या आसपास परत या.

टिंट आहे तसाच राहू द्या. एनटीएससीत वाटेत रंगांची छटा बिघडत असे म्हणून हे बटण लागे. पालमध्ये एकाआड एक रेषेत रंगाच्या एका घटकाची दिशा उलटी असते आणि चूक आपोआप निभावून जाते. पाल चित्रावर कित्येक यंत्रांत हे बटण काही करीतच नाही. शार्पनेस तर कमीच करा. व्हीएचएस फितीवर उजेडाचा तपशील साधारण ३ मेगाहर्ट्झपर्यंतच असतो, प्रक्षेपणात तो ५ पर्यंत असे. जे फितीवर नाही ते शार्पनेस आणू शकत नाही. तो फक्त कडेला पांढरी रेघ ओढतो आणि मुंग्या वाढवतो.

मोंढा_रोड_लातूर

वर काकांनी सविस्तर लिहिलेच आहे, मी फक्त रिमोटपुरते लिहितो. हे पातळ रिमोट नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालतात आणि नव्या रिमोटमध्ये सेलपाशी प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी असते, ती ओढून काढल्याशिवाय रिमोट काम करीत नाही. शंका आली तर रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे, कारण काही मोबाइलमध्ये मागच्या बाजूला हा अदृश्य उजेड अडवणारी काच असते. कन्व्हर्टरचा डबा टीव्हीच्या मागे लटकत ठेवला तर त्याच्या डोळ्याला रिमोट दिसत नाही. मी डबा टीव्हीच्या खालच्या काठाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावला आहे.

अंबाजोगाईकर

काका, आपले किती आभार मानावेत हे समजत नाही. रात्री आई झोपल्यावर सगळे क्रमाने केले. ७२०पी ५० निवडताच वरातीतली माणसे सरळ चालू लागली, आणि ब्राइटनेस ५० वरून ५६ वर नेल्यावर मामांच्या टोपीची मधली घडी स्पष्ट दिसली. त्यांच्या मागे, ज्याला मी आजवर अंधार समजत होतो तेथे, खांबाला टेकून वडील उभे असलेले दिसले.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. मांडवातील विधींमध्ये ताईच्या चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी दिसते, ती टिंटने किंवा कलरने बदलत नाही. तसेच बटणे जुळवताना व्हीसीआर पॉजवर ठेवला तर चित्र थरथरते, आणि कन्व्हर्टरचे फ्रीझ दाबले तर चित्र स्थिर राहते पण ब्राइटनेस हलवूनही त्यात काही फरक पडत नाही. हा कन्व्हर्टरचा दोष समजावा का?

लग्नचित्रण_नांदेड

दादा, चेहऱ्याच्या दोन बाजूंचा दोष ना आपल्या कन्व्हर्टरचा आहे ना फितीचा. तो त्या सकाळच्या उजेडाचा आहे. मी त्याच काळात नांदेड आणि हिंगोलीकडील लग्ने चित्रित केली आहेत. मांडवाच्या कापडातून आत येणारा दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप), म्हणजे निळसर असतो, आणि आमच्या सहायकाच्या हातातील हॅलोजन ३२०० केल्विनचा, म्हणजे नारिंगी. कॅमेऱ्याला यांपैकी एकच उजेड पांढरा म्हणून सांगता येतो, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक बाजू रंगतेच. संपूर्ण चित्राचे रंग एकाच दिशेने सरकवणारे कोणतेही बटण एका गालाला सुधारताना दुसऱ्याला बिघडवणार.

तरी थोडा आराम मिळू शकतो. ताईंच्या आणि जावयांच्या मध्ये धरलेला अंतरपाट दिसतो तो भाग लावा. पांढऱ्या कापडावर कुंकवाचे स्वस्तिक असलेला तो अंतरपाट रंग जुळवण्यासाठी उत्तम, कारण पांढरे आणि तांबडे शेजारी शेजारी मिळतात. त्या कापडाचा मोठा भाग निळसर दिसत असेल तर टीव्हीच्या मेन्यूत रंगाचे तापमान 'वॉर्म' करा. आपल्या रिमोटवर ती सोय नाही, पण टीव्हीत बहुधा असते. नंतर स्वस्तिकाच्या रेषा एकमेकींत मिसळणार नाहीत इतकाच कलर ठेवा. अखेरचा निर्णय चेहऱ्यांवर घ्यावा, कारण साडीचा रंग नेमका कोणता होता हे आपण विसरतो, पण आपल्या माणसाच्या चेहऱ्याची कांती विसरत नाही.

फ्रीझबद्दल सांगायचे तर तो दोष नाही. अशा डब्यात येणारा संकेत आधी आकड्यांत बदलला जातो आणि नंतर स्मृतीत साठवून मोठा केला जातो. ब्राइटनेस आणि कलरचे काम पहिल्याच टप्प्यावर होत असेल, तर फ्रीझ दाबून स्मृतीत थांबवलेल्या चित्रावर त्याचा परिणाम होणार नाही. फ्रीझ सोडले की बदल दिसेल. पॉजवर मात्र फार वेळ ठेवू नका. ड्रम तेव्हाही फिरतच असतो आणि हेडे फितीच्या त्याच जागेवर पुन्हा पुन्हा घासत राहतात. तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा चालवणे फितीसाठी कमी त्रासाचे. या कॅसेट आता तीस वर्षांच्या आहेत, म्हणून जुळवणीचा सराव तिन्हींपैकी कमी महत्त्वाच्या कॅसेटवर करावा, आणि चित्र मनासारखे जमले की लगेच एकदा नोंदवूनही घ्यावे. नोंद करताना ब्राइटनेस किंचित जास्त आणि काँट्रास्ट किंचित कमी राहू द्या; काळ्यात बुडालेले किंवा पांढऱ्यात पुसलेले नोंदीतून पुढे परत मिळत नाही, फिके राहिलेले मात्र नंतर सुधारता येते.

अंबाजोगाईकर

अंतरपाटाची युक्ती फार उपयोगी पडली. कलर अखेर ४६ वर थांबवला आणि टीव्ही 'वॉर्म'वर नेला. निळी बाजू पूर्ण गेली नाही, पण आता ती खुपत नाही. एक शेवटची शंका आहे. सकाळी टीव्ही लावला तेव्हा सगळे आकडे पुन्हा ५० वर आलेले होते. रात्री आमच्याकडची लाइट गेली नव्हती. मग हे कसे झाले असावे?

जुना_कारागीर_परभणी

आपण कन्व्हर्टरची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतलेली दिसते. टीव्ही बंद केला की ती वीजही तोडली जाते आणि काही डबे मेन्यू पडद्यावरून आपोआप निघून गेल्यावरच आकडे कायमचे साठवतात. आपण शेवटचा आकडा बदलून लगेच टीव्ही बंद केला असावा. कन्व्हर्टरला पाच व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लावा. यूएसबीची वीज अपुरी पडली की चित्रातही बिघाड दिसू शकतो. बदल केल्यावर मेन्यू स्वतःहून जाईपर्यंत रिमोट खाली ठेवून थांबा.

आणि ५६, ४६ हे आकडे, तसेच पाल, ७२०पी ५० आणि ४:३ या निवडी एका कागदावर लिहून तो डब्याच्या खालच्या बाजूस चिकटवून ठेवा. दिवाळीत घर मुलांनी भरलेले असेल आणि रीसेटचे बटण मेन्यूच्या अगदी शेजारी आहे.